रिपोर्टसाठी थांबायचं का?

प्रश्न : आईला फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय, पसरलाय पण, आणि तिने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. डॉक्टर म्हणतात आधी जीन टेस्टचा रिपोर्ट येऊ दे, मग औषध. वेळ वाया जातोय का? – एक वाचक भगिनी, कोपरी, ठाणे

उत्तर : नाही ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत, फक्त धाप वाढली तर लगेच कळवा. बायोप्सीच्या तुकड्यात ईजीएफआर, एएलके असे जीनमधले बदल शोधतात, तंबाखू न घेणाऱ्यांमध्ये ते जास्त सापडतात. ईजीएफआर निघाला तर ऑसिमर्टिनिबसारखी गोळी, रोज एक, घरीच, ती या बदलामुळे बिघडलेल्या प्रोटीनचा, गाठ वाढवणारा सिग्नलच अडवते. जुलाब, पुरळ, नखांच्या कडा दुखणं होतं, ते अंगावर काढू नका. पुढेमागे गाठ गोळीला दाद देईनाशी होते, तेव्हा परत टेस्ट. सेकंड ओपिनियन हवं तर खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, पण नुसता रिपोर्ट नको, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि काचेच्या स्लाइडसुद्धा मागून न्या.