झडती, जप्ती आणि टाच

डिचोलीच्या एका वाचकाने जमीन हडपल्याच्या प्रकरणाच्या बातमीतले एक वाक्य पाठवले आहे : ‘पोलिसांनी संशयिताच्या घराची झडती केली व भूखंड जप्त केला.’ हे वाक्य शुद्ध आहे का, आणि ‘झडती’ऐवजी ‘तपासणी’ म्हटले तर काय बिघडते, असे त्यांनी विचारले आहे.

क्रियापदाचे उत्तर सोपे आहे. झडती घेतात किंवा देतात, करीत नाहीत. तपासणी परवान्याची होते, वजनकाट्याची होते, रुग्णाचीही होते, आणि तिच्यात कोणी काही दडवले असल्याचा संशय गृहीत नसतो. झडतीत तो असतो, शिवाय ती घराच्या किंवा अंगाच्या आतपर्यंत पोचते, त्यामुळे कायद्याच्या भाषेत हे दोन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

आपल्या राज्यघटनेत पोलिसांच्या झडतीवर मर्यादा घालणारा स्वतंत्र अनुच्छेद नाही. अमेरिकेच्या चौथ्या घटनादुरुस्तीसारखी तरतूद आपल्याकडे नाही, हे लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही असे सांगणारा अनुच्छेद २०(३) झडतीच्या आड येत नाही, असे ठरवले. पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्क मानला आणि जुन्या निकालातला त्याविरुद्धचा भाग रद्द केला. तरीही बेकायदा झडतीत सापडलेली वस्तू केवळ त्या कारणाने पुराव्यातून बाद होत नाही, हा पूरणमल खटल्यातला दंडक आजही लागू आहे, आणि माझ्या मते हक्काचे बळ तिथेच कमी पडते.

‘अंगझडती’ हा शब्द मात्र जपून वापरावा. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ५० नुसार अंगझडतीपूर्वी संशयिताला, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर ती देण्याचा त्याला हक्क आहे, हे सांगावे लागते. खांद्यावरची पिशवी म्हणजे अंग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पवनकुमार खटल्यात म्हटले. तेव्हा हणजुण्याच्या किनाऱ्यावर कोणाची नुसती पिशवी उघडून पाहिली असेल, तर ‘अंगझडती घेतली’ असे लिहिणारा बातमीदार नकळत वेगळेच कलम लावतो.

आता ‘जप्त’. मूळ अरबी आणि फारसीमार्गे आलेला हा शब्द मराठीत तीन कामे करतो. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतली तरी जप्त, न्यायालयाने मालमत्ता विकण्यास मनाई केली तरी जप्त, आणि ती कायमची सरकारजमा झाली तरी जप्तच. पहिल्या अर्थी मालकी बदलत नाही, वस्तू फक्त मुद्देमाल म्हणून अडकते. पंचनाम्यात नोंदलेली स्कूटर खटला संपण्यापूर्वीही हमीपत्रावर मालकाला परत मिळू शकते.

भूखंडाचे तसे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मधील ‘कोणतीही मालमत्ता’ या शब्दांत स्थावर मालमत्ता येत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. जमिनीची कागदपत्रे घेण्यास मात्र मोकळीक ठेवली. त्या कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ आले आहे. गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेसाठी त्याच संहितेत कलम १०७ आहे, पण त्यात पोलिसांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. सक्तवसुली संचालनालय जमिनीवर जी कारवाई करते ती वेगळ्या कायद्याखालची असून सुरुवातीला हंगामी असते.

या कारवायांसाठी ‘टाच’ हा जुना, चांगला शब्द मराठीत पडून आहे. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावरचे नाव तेच राहते, व्यवहार थांबतो, हा अर्थ त्यातून नेमका निघतो. वाचकाने पाठवलेले वाक्य मी असे लिहीन : ‘पोलिसांनी संशयिताच्या घराची झडती घेऊन विक्रीखत व अन्य कागदपत्रे जप्त केली.’ न्यायालयाचा आदेश झाला असेल, तरच पुढे ‘भूखंडावर टाच आणण्यात आली’ असे जोडावे.