ब्रिस्टलचा बस बहिष्कार आणि पहिला शीख कंडक्टर

प्रश्न : माझी मुलगी ब्रिस्टलला शिकायला आहे. ती सांगत होती की तिकडे पॉल स्टीफन्सन नावाचे कार्यकर्ते होऊन गेले, त्यांनी लोकांना बसवर बहिष्कार घालायला लावला आणि शेवटी पहिली नोकरी एका शीख माणसाला मिळाली. लढले काळे लोक आणि नोकरी आपल्याकडच्या माणसाला, हे कसं? आणि इंग्लंडमध्ये असा भेदभाव कायद्याने चालायचा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चालायचा, कारण अडवणारा कायदाच नव्हता. ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी तर सरकारी मालकीची, पण गोरे नसलेल्यांना वर्कशॉपमध्ये नाहीतर कँटीनमध्ये कमी पगारावर घ्यायचे, ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून अजिबात नाही. आणि मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो तर ह्याचा, की १९५५ मध्ये तसा ठराव तिथल्या कामगार युनियनच्याच शाखेने केला होता. मूळ पगार कमी, घर चालायचं ओव्हरटाइमवर, त्यामुळे बाहेरची माणसं आली की आपला ओव्हरटाइम जाईल अशी भीती. भीती समजू शकते, ठराव नाही.

रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, ऑडली इव्हान्स आणि प्रिन्स ब्राउन ह्या वेस्ट इंडियन मंडळींनी आधीच संघटना काढली होती, स्टीफन्सन नंतर त्यांचा आवाज झाले. ते तेव्हा पंचविशीतले, शहरातले पहिले कृष्णवर्णीय युथ ऑफिसर. त्यांनी गाय बेली ह्या तरुणाचा कंपनीत इंटरव्ह्यू ठरवला, जागा रिकामी होती, पण मुलगा वेस्ट इंडियन आहे कळल्यावर इंटरव्ह्यू रद्द. पुरावा हातात आला. ३० एप्रिल १९६३ पासून बहिष्कार सुरू, अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर घातलेल्या बहिष्काराचं उदाहरण समोर होतंच. विद्यार्थी मोर्चा घेऊन आले, मजूर पक्षाचे नेते टोनी बेन पाठीशी उभे राहिले, आणि आपल्या क्रिकेटवाल्या वाचकांना आवडेल, वेस्ट इंडिजचे जुने क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन सुद्धा, ते तेव्हा त्रिनिदादचे हायकमिशनर होते. २८ ऑगस्टला कंपनीने बंदी उठवली, त्याच दिवशी तिकडे वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं.

आता तुमचा शीख माणूस. १७ सप्टेंबरला रघबीर सिंग कंडक्टर म्हणून रुजू झाले. ह्यात कुणी कुणाची नोकरी पळवली असं काही नाही हो, बंदी ‘कलर्ड’ लोकांवर होती आणि त्या एका शब्दात जमैकाचा, पंजाबचा, लाहोरचा सगळे सारखेच. दार बंद होतं ते सगळ्यांना, म्हणून उघडलं ते पण सगळ्यांना, थोड्याच दिवसांत जमैकन आणि पाकिस्तानी कंडक्टरही आले. पण दार ढकलायला पुढे कोण होतं हे आपण भारतीयांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

स्टीफन्सन तिथे थांबले नाहीत. १९६४ मध्ये बे हॉर्स नावाच्या पबमध्ये त्यांना निघा म्हणून सांगितलं, ते हलले नाहीत, अटक झाली, केस कोर्टात टिकली नाही. १९६५ ला भेदभावविरोधी पहिला कायदा आला तो सार्वजनिक जागांपुरता, नोकरी आणि घरं त्यात यायला १९६८ उजाडलं, म्हणजे ज्या नोकरीसाठी लोक चार महिने पायपीट करत होते तिला कायद्याचं संरक्षण मिळायला अजून पाच वर्षं लागली. युनियनने माफी मागितली २०१३ मध्ये.

स्टीफन्सन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. मुलीला सांगा, ब्रिस्टलच्या बस स्टेशनात ह्या बहिष्काराची पाटी आहे आणि सेंट पॉल्स भागात हॅकेट यांचं मोठं चित्र भिंतीवर रंगवलंय, ते पण बघून ये म्हणावं.