शिबिर आठच दिवसांचं घे

अगं, मुलांचं उन्हाळी शिबिर घ्यायला हो म्हणालीस, चांगलं केलंस. पण आठच दिवसांचं घे. मी पहिल्यांदा महिनाभर घेतलं होतं. घरी कुरडया-पापडांचा सगळा घोळ सासूबाईंनी एकटीने निस्तरला आणि माझी कवितांची वही कोरीच राहिली.

वेळ सकाळी साडेसात ते दहा. नंतर ऊन मुलांना बसू देत नाही. एक दिवस आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांवर ने, पायऱ्या उन्हाआधी चढून घ्या. तिथे मी मुलांना म्हटलं, एकच खांब निवडा आणि नीट बघून काढा. आणि मीही काढायला बसले. वीस मिनिटं कुणी 'मॅडम' अशी हाक मारली नाही! तेव्हापासून मुलांना देते तो स्वाध्याय मीही करते. माझ्या निम्म्या कविता अशाच झाल्यात. (उरलेल्या पेपर तपासताना, मुख्याध्यापकांना सांगू नकोस.)

जूनमध्ये शाळा लागली की शनिवारी सुटल्यावर तासभर सार्वजनिक वाचनालयात बस. १८४० पासूनचं आहे ते, तुझ्यापुरती खुर्ची निघेल. घरी मात्र आधी सांगून ठेव. नाहीतर नेमका तेव्हाच फोन येतो, सिलिंडर संपल्याचा.