अँथुरियमचा करपा आणि प्रयोगशाळेचा अर्धा अहवाल

प्रश्न : शेडनेटमधल्या अँथुरियमच्या पानांच्या कडेला पाणी मुरल्यासारखे ठिपके येतात, मग ते तपकिरी होऊन भोवती पिवळे वलय दिसते. बुरशीनाशकाने फरक पडला नाही. प्रयोगशाळेने १६एस जनुक (जिवाणू ओळखण्यासाठी सर्रास वाचले जाणारे) वाचून ‘झँथोमोनास, ९९ टक्के साम्य’ असे कळवले आहे. हा जिवाणूजन्य करपाच समजायचा का? – एक वाचक, मावळ

उत्तर : लक्षणे त्याचीच आहेत. पहाटे पानाच्या कडेवर जे थेंब लटकतात, त्यांच्या छिद्रांतून हा जिवाणू आत शिरतो, म्हणून ठिपके कडेलाच सुरू होतात. अहवालावर मात्र विसंबू नका. झँथोमोनास या जिवाणूंच्या गटातील निरनिराळ्या जातींत १६एस जवळजवळ सारखेच असते. ९९ टक्क्यांवरून प्रजाती (म्हणजे झँथोमोनास हा गट) कळते, नेमकी जाती नाही. आणि पानावर निरुपद्रवी झँथोमोनासही राहतात.

प्रयोगशाळेला जातींमधला फरक अधिक दाखवणारे जायर-बी जनुक वाचायला सांगा, किंवा या रोगजंतूसाठीची नेस्टेड पीसीआर (ठरावीक डीएनएच्या प्रती दोन टप्प्यांत वाढवून तो शोधणारी चाचणी) मागा. नाव ‘झँथोमोनास फेझिओली पॅथोव्हार डायफेनबॅकिए’ असे यायला हवे (‘पॅथोव्हार’ म्हणजे ठरावीक वनस्पतींवर रोग करणारा उपप्रकार). जुन्या अहवालांत ‘फेझिओली’च्या जागी ‘अॅक्सोनोपोडिस’ आढळते, जिवाणू तोच. शेवटचा पुरावा म्हणजे वेगळा केलेला जिवाणू निरोगी रोपाला टोचून तीच लक्षणे दिसणे. त्याला काही आठवडे लागतात, तरी नवीन भागात रोग जाहीर करायचा तर तो टाळू नये.

प्रश्न : पाने गळताहेत, देठ नुसते ओढले तरी निघतात, पण पीसीआर ‘निगेटिव्ह’ आली. असे का?

उत्तर : बहुतेक वेळा चूक नमुन्यात असते. ठिपक्याच्या मधला मेलेला भाग घेतला जातो; हवी ती हिरव्या-तपकिरीची सीमारेषा, सुमारे ५ मिलिमीटरचे तुकडे. तुमच्याकडे जिवाणू खोडाच्या वाहिन्यांत उतरलेला दिसतो, तेव्हा देठाचा बुडखा आणि तपकिरी पडलेल्या खोडाचा तुकडाही द्या. कागदात गुंडाळून, थंड ठेवून, शक्यतो २४ तासांत पोचवा. प्लास्टिक पिशवीत ओला कोंबलेला नमुना वाटेतच कुजतो आणि कुजवणारे जिवाणू वाढतात.

दुसरे कारण पानातली पॉलिफेनॉल (तुरट द्रव्ये) आणि चिकट शर्करा. ही द्रव्ये डीएनएसोबत येऊन पीसीआरचे एन्झाइम अडवतात. डीएनएची शुद्धता दाखवणारे २६०/२३० चे प्रमाण फार कमी असेल तर संशय घ्यावा. डीएनए १० पट पातळ करून पुन्हा लावावा, अर्क काढतानाच पीव्हीपी (पॉलिफेनॉल बांधून ठेवणारे रसायन) घालावे. त्याच नमुन्यात वनस्पतीच्या स्वतःच्या जनुकाचा बँडही (चाचणीत दिसणारी डीएनएची पट्टी) दिसत नसेल, तर तो ‘निगेटिव्ह’ निकालच नव्हे.

उलटी फसगतही होते. कॉपर (तांबेयुक्त औषध) फवारल्यावर प्रयोगशाळेतल्या प्लेटवर जिवाणूची वाढ होत नाही, तरी मेलेल्या पेशींचा डीएनए पीसीआरला काही काळ सापडतो. म्हणून फवारणीआधी नमुना घ्या. न्यूट्रियंट अगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर २८ अंशांना ३-४ दिवसांत पिवळ्या, चिकट वसाहती येतात. पण नुसता पिवळा रंग पँटोइया या दुसऱ्या जिवाणूचाही असतो, तेव्हा त्यावरून निदान करू नये.

निकाल येईपर्यंत वरून पाणी देणे थांबवा, आणि फुले काढताना प्रत्येक झाडानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा.