पाळी थांबणं म्हणजे ट्रेनिंग लागू पडणं नव्हे

ताई, तुम्ही लिहिलंत: लेक १७ वर्षांची, १५०० मीटर पळते, चार महिने पाळी नाही, नडगी दुखते आणि कोच म्हणतात, "पळणाऱ्या मुलींचं असंच असतं, ट्रेनिंग लागू पडतंय." हेच वाक्य मी एकोणिसाव्या वर्षी शिवाजी पार्कात ऐकलं होतं. साफ चूक आहे ते.

खाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेतून पळण्यातला खर्च वजा जाऊन शरीराला उरतं ते पुरेना झालं, की शरीर पाळी बंद करतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. मुलग्यांनाही होतं हे, फक्त त्यांच्यात पाळीसारखी खूण नसल्याने लवकर कळत नाही.

फसगत होते ती टायमिंगमुळे. माझं वजन ५१ वरून ४४ वर आलं आणि त्याच सीझनला मी आयुष्यातलं बेस्ट पळाले. सगळ्यांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर.

घरी पत्ता लागला नाही, कारण मी उपासांच्या आड लपले. सोमवार, गुरुवार, संकष्टी. आजी खूश, पोरगी देवाधर्माची निघाली म्हणून! उपासाची खिचडीही मी "तेलकट आहे" म्हणून सारून ठेवायचे. कॉलेजचा डबा दादरच्या पुलावर बसणाऱ्या एका म्हातारीला द्यायचे, वर पुण्य केल्याचं समाधान. तेव्हा डबा रिकामा आला यावर जाऊ नका. आणि ताटावरून भांडूही नका. आईने मला समोर बसवून रडवून खायला घातलं. मी फक्त जास्त सफाईने खोटं बोलायला शिकले.

याच आठवड्यात डॉक्टर गाठा. नडगीचा एक्स-रे नॉर्मल आला तरी निर्धास्त होऊ नका, सुरुवातीचं स्ट्रेस फ्रॅक्चर त्यात बरेचदा दिसत नाही, एमआरआयबद्दल विचारा. पाळी आणायला नुसत्या गोळ्या दिल्या तर थांबून प्रश्न करा: गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळ कारण तसंच राहतं आणि हाडं वाचत नाहीत. मला गोळ्याच मिळाल्या होत्या, त्यात वर्ष गेलं. चक्कर, बेशुद्धी किंवा धडधड असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

खाण्याची भीती हा मनाचाही आजार आहे. केईएम, सायन, नायर, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. रात्री-बेरात्री बोलायचं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

नीट खायला लागल्यावर माझी पाळी आठ महिन्यांनी आली. वजन आधी पोटावर आणि गालांवर चढलं, जीन्स लागेना, त्या दिवसांत मी सगळ्यात जास्त रडले. तिच्या बाबतीत तसं झालं तर "आता छान दिसतेस" एवढंही म्हणू नका. दिसण्यावर काहीच नको.

कोचकडे मात्र डॉक्टरांची लेखी चिठ्ठी घेऊनच जा. तोंडी सांगाल तर "आई घाबरट आहे" म्हणून सोडून देतील.