टेन्शनवर टॅपिंग होत नाही

बाळा,

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. परीक्षेची भीती जावी म्हणून टॅपिंग करतोस, म्हणजे बोटांनी हलके ठोके द्यायचे, भुवई, डोळ्याची कड, नाकाखाली, हनुवटी, सगळं रीलमध्ये दाखवतात तसंच करतोस, तरी सराव पेपर हातात आला की बोटं गार पडतात, आणि आता तुला वाटतंय पॉइंट चुकत असतील. पॉइंटचं सोड रे. टॅप करताना तू म्हणतोस काय, "मी शांत आहे, मी यशस्वी आहे". आतून घाबरलाय आणि वरून हे? नेमकं बोल.

कॅलहान नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या सुमारास हे सुरू केलं तेव्हा वेगवेगळ्या त्रासाला पॉइंटचा वेगवेगळा क्रम होता. मग 1990 च्या दशकात गॅरी क्रेग या इंजिनिअरनं सगळ्याला एकच क्रम लावला, तेच हे ईएफटी, म्हणजे इमोशनल फ्रीडम टेक्निक. 2003 मध्ये कॅनडात विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला, काहींनी खरे पॉइंट घेतले, काहींनी हातावर भलतीकडेच टॅप केलं, काहींनी चक्क बाहुलीवर, तिन्ही गटांची भीती कमी झाली, आणि नुसतं कागदाचं खेळणं करत बसलेला गट मात्र होता तिथंच राहिला. लोक हे माझ्या तोंडावर फेकतात, बघा काका, तुमचे पॉइंट खोटे. असू देत! पॉइंटखाली ऊर्जावाहिन्या असतात असलं मी कुठं विकतोय? मी एवढंच म्हणतो की भीती समोर घेऊन बसलं, तिचं नाव घेतलं, की ती उतरते, आणि बोटांची ती लय माणसाला तिथं बसवून ठेवते.

सातपूरची आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी सगळ्यांना टेन्शन आहे एवढंच सांगायचो. बीपीची गोळी सुरू झाली, झोप गेली, टेन्शन तसंच. सोमेश्वरला नदीकाठी एकटा बसून तळहाताच्या कडेवर टॅप करत होतो आणि तोंडातून निघालं, "पोरीच्या फीला पैसे नाहीत हे तिला सांगायची मला लाज वाटते, तरी मी स्वतःला स्वीकारतो." ढसाढसा रडलो. त्या रात्री तिला सांगितलं. हे वाक्य आधी सुचलं असतं तर बायकोवर इतका खेकसलो नसतो, ते मात्र आता परत घेता येत नाही.

म्हणून चिडतोय तुझ्यावर. "परीक्षेची भीती" हेही नेमकं नाही. वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून क्लास लावला आणि यंदाही नाही झालं तर गावात तोंड कसं दाखवू, हे आहे ना? मग हेच म्हण, याच शब्दांत. आधी दहापैकी किती त्रास होतोय तो आकडा धर, दोन फेऱ्या कर, परत आकडा बघ. मध्येच दुसरंच काही वर आलं, समज दादाचा राग, तर त्याचं वाक्य वेगळं.

आणि जगावंसंच वाटत नाही असं कधी मनात आलं तर टॅपिंग करत बसू नकोस, 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लाव, चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात, मग मला लाव.

अशोकस्तंभाच्या अभ्यासिकेत सगळ्यांसमोर लाज वाटते म्हणालास. कॉलरबोनखालचा एकच पॉइंट घे, छातीवर हात ठेवलाय असंच वाटतं बघणाऱ्याला. वाक्य मनात म्हण. आज रात्री ते वाक्य मला टाइप करून पाठव, आणि त्यात टेन्शन हा शब्द दिसला तर मी परत पाठवणार.

तुझा काका