शेड उडू नये म्हणून आधी पाया बघा

ऐरोलीत खाडीकडेला शेड टाकताय ना दादा, मग पत्र्याआधी पायाचा विचार करा. वारा नुसता ढकलत नाही, छप्पर वर उचलतो. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. कच्च्या हिशोबाने चौरस मीटरला ११५ किलोच्या आसपास दाब, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या छपरावर जवळपास एक टन! हलक्या शेडचं वजन त्यापुढे काहीच नाही. ते वजन पायाच्या काँक्रीटने द्यायचं. शेडचे खांब पायाला धरून ठेवणारे, खाली वाकवलेले अँकर बोल्ट काँक्रीट ओतायच्या आधीच पायातल्या सळईला बांधून घ्या. नंतर विटांत ड्रिल मारून फास्टनर अजिबात ठोकू नका. वीट फुटते, बोल्ट अलगद निघतो. खांबाखालच्या लोखंडी बेसप्लेटवर जाड वायसर, डबल नट. खारी हवा लोखंड खाते, त्यामुळे सगळं गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेलंच घ्या. दरवर्षी मे महिन्यात पाना लावून नट तपासा.